खोन केनची वारी: ओ-सो-मो, मिठाचं मीटर आणि कच्चा मासा

रविवार, ६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

मुंबईहून रात्रीचं विमान, पहाटे बँकॉक, तिथून तासाभराचं दुसरं विमान आणि उन्हं वर यायच्या आत खोन केन. उपास माझा होता, सोबतच्या आशाताई, म्हणजे आमच्याकडच्या आशा आरोग्य कार्यकर्त्या, बौद्ध, त्यामुळे त्यांनी विमानात मिळालं ते सगळं निवांत खाल्लं आणि मी डब्यातली साबुदाण्याची खिचडी. गंमत म्हणजे एअरपोर्टवरून गावाकडे निघालो तर रस्त्याच्या दोन्ही अंगाला टॅपिओकाची शेतं, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, आणि थायलंड त्याचा जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार, पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे काय हे इथे कुणाला सांगूनही पटत नाही.

कशाला गेलो ते सांगते. मी जालना जिल्ह्यात आशांच्या ट्रेनिंगचं काम करते. एका कॉन्फरन्समध्ये ओळख झालेली एक थाई नर्स कधीपासून मागे लागली होती की तुमच्या आशा आणि आमचे ओ-सो-मो एकदा समोरासमोर बसवू, बघू काय होतं. ओ-सो-मो म्हणजे तिथले गावपातळीचे आरोग्य स्वयंसेवक. थाई नाव लांबलचक आहे, सगळे तीन अक्षरंच म्हणतात. आमच्या आशाताईंचा पासपोर्ट या ट्रिपसाठीच काढला, पोलीस व्हेरिफिकेशनला आलेल्या शिपायाने विचारलं कशाला चाललात, तर त्या म्हणाल्या बीपी बघायला. तो बिचारा काय समजला कोण जाणे.

खोन केन हे ईसानमधलं मोठं शहर. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, २० प्रांत, पावसावरची भातशेती, आणि कामाला पोरं बँकॉकला. मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

संध्याकाळी शहरातल्या बुंग केन नाखोन तलावावर गेलो. नऊ मजली देऊळ तलावाच्या काठी, आणि त्याच्या अलीकडे स्पीकरवर जोरजोरात गाणी लावून शेदीडशे बायकापुरुष एरोबिक्स करतायत. शिकवणारी स्टेजवर, खाली भाजीवाली, बँकेतली बाई, रिटायर्ड मास्तर सगळे एका ओळीत. आशाताई पाच मिनिटं हाताची घडी घालून बघत उभ्या राहिल्या आणि मग पर्स माझ्याकडे देऊन त्यात घुसल्या, साडीत. कुणीही वळून बघितलं नाही, हे मला फार आवडलं.

सोमवार

आज गावातला दवाखाना. याला रो-पो-सो-तो म्हणतात, नाव मोठं आहे, अर्थाने आपलं उपकेंद्र आणि पीएचसी यांच्या मधलं काहीतरी. नाव रुग्णालय पण रात्री पेशंट ठेवत नाहीत, डॉक्टर बहुतेकदा नसतोच, नर्स आणि दोनचार आरोग्य कर्मचारी. गावकरी त्या सगळ्यांनाच "मो" म्हणतात, म्हणजे डॉक्टर, झाडू मारणारा सोडून. देशात असे साधारण ९,८०० आहेत, २००९ पासून जुन्या हेल्थ सेंटरची पाटी बदलून हे केले. दारात चपला काढायच्या, आत पंखा, फळ्यावर त्या महिन्याचे डेंग्यूचे आकडे, आणि एका कोपऱ्यात चहाची किटली. मला तर घरीच आल्यासारखं वाटलं.

आता ओ-सो-मो. हे १९७७ मध्ये सुरू झालं, म्हणजे आपल्या आशांच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, ज्यातून आशा आल्या ते आपलं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ चं. आज तिथे दहा लाखांच्या वर स्वयंसेवक आहेत. आकडा ऐकून आशाताई म्हणाल्या मग काय, आपल्याकडेपण दहा लाख आशा आहेत की. हो, पण आपण १४० कोटी आणि ते साडेसहा कोटी! त्यांच्या एका बाईकडे १० ते १५ घरं, आपल्या एका आशेकडे हजार माणसं. हे ऐकल्यावर आशाताईंनी दुभाषीला म्हणजे नर्सच्या पुतणीला परत विचारायला लावलं, १५ घरं का १५० घरं. १५ च. मग पुढचा अर्धा तास त्या गप्प होत्या, मनातल्या मनात हिशोब चालू असणार.

पैसे विचारल्याशिवाय आम्ही थोडंच सोडतोय. पगार नाही, मानधन. २००९ पासून सगळ्यांना महिना ६०० बाट सुरू झालं, मग १,०००, आणि आता २,०००. बाटचे साधारण अडीच रुपये धरा. म्हणजे पाच हजार रुपये, १५ घरांसाठी. समोरच्या बाई म्हणाल्या की यात पेट्रोल सुटतं, आणि मोठ्या हॉस्पिटलात गेलं की आम्हाला मान मिळतो. ही "मान मिळतो" वाली गोष्ट नंतर दर गावात ऐकली.

दुपारी स्क्रीनिंग होतं. ३५ वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर. इथे एक भारी गोष्ट बघितली. भिंतीवर सात रंगांचे चेंडू काढलेत, पिंगपाँगचे. पांढरा म्हणजे नॉर्मल, पोपटी म्हणजे सांभाळा, गडद हिरवा म्हणजे आजार आहे पण गोळ्यांनी आटोक्यात, मग पिवळा, केशरी, लाल असं चढत जातं आणि शेवटी काळा, म्हणजे किडनी, डोळे, हृदय यांच्यापैकी कशावर तरी परिणाम झालाय. ही आयडिया डॉ. विचाई तियेन्थावोर्न यांची. माणसाला १५२ बाय ९६ सांगून काही कळत नाही, पण तू गेल्या वेळी पिवळ्यात होतास आता केशरीत गेलास हे कळतं, आणि शेजारणीलाही कळतं, हा त्यातला खरा मसाला आहे. प्रायव्हसीचं काय असं मी विचारलं तर नर्स हसली. म्हणाली गावात प्रायव्हसी आधी कुठे होती.

(मला हे पटलं नाही पूर्णपणे. एचआयव्ही, टीबी अशा गोष्टी रंगात टांगता येणार नाहीत. पण बीपीला ठीक आहे.)

मंगळवार

पहाटे सहाला स्पीकरने उठवलं. गावाच्या मधोमध उंच खांबावर भोंगे, आणि सरपंच, ज्याला फू याय बान म्हणतात, तो माईकवर रोजच्या बातम्या देतो. आधी एक गाणं, मग कुणाची म्हैस सुटलीय, मग युरियाचं दुकान कधी उघडणार, आणि मग आज डासांच्या अळ्या बघायला ओ-सो-मो येणार आहेत तेव्हा रांजण उघडे ठेवू नका. आवाज असा घरगुती की समोर बसून बोलतोय. सरकारी जिंगल वाजते तेव्हा माणसं कान बंद करतात, हा सरपंच मात्र नाव घेऊन बोलतो, अमक्याच्या अंगणातले टायर अजून तिथेच आहेत म्हणून. टायरवाला दुपारपर्यंत टायर हलवतो. मी स्वतः बघितलं.

मग घरभेटी. पहिलंच घर एका आजीचं, आजीला याय म्हणतात. मुलगा-सून बँकॉकला फॅक्टरीत, नातू आजीकडे. अशी घरं ईसानमध्ये ढिगाने आहेत, मधली पिढीच गायब. थायलंडमध्ये ६० च्या वरची माणसं आता लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याला पोचलीत, त्यामुळे औषधाच्या पाकिटावरचं वाचणार कोण तर मोतीबिंदू झालेली आजी नाहीतर तिसरीतला नातू.

यायचे गुडघे दुखतात. बीपीची गोळी दाखव म्हटल्यावर तिने पानाचा डबा उघडला, हो, पानसुपारी इथेपण, आणि गोळ्यांच्या खाली एक प्लास्टिकची छोटी पुडी. आत चारपाच रंगीत गोळ्या, नाव नाही, गाव नाही. याला या चुत म्हणतात. किराणा दुकानात मिळते, विकायला बंदी आहे तरी मिळते. त्यात पेनकिलर असतं आणि बरेचदा स्टेरॉइड. घेतली की दोन तासांत गुडघा पळायला लागतो, आणि काही महिन्यांनी चेहरा सुजतो, शुगर चढते, पोटात रक्तस्राव, किडनी जाते. आशाताईंनी ती पुडी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि मराठीत म्हणाल्या, ही तर आपल्याकडची पुडी! आमच्या पट्ट्यात बाजारच्या दिवशी असले "डॉक्टर" बसतात, सगळ्यांना माहीत आहे.

मला वाटलं आता लेक्चर सुरू होणार. झालं काय, तर ओ-सो-मो बाई यायच्या शेजारी चटईवर बसल्या आणि विचारलं कुणाकडून आणली, दिवसाला किती घेतेस, घेतल्यावर काय काम करता येतं. याय म्हणाली गोळी घेतली की शेतावर लावणीला जाता येतं, नाही घेतली तर बसून राहते. म्हणजे तिचा हिशोब अगदी बरोबर होता! आळस नाही, अडाणीपणा नाही, लावणीचे आठ दिवस ढकलायचेत तिला. मग बाईंनी किडनीबद्दल सांगितलं, सांगून झाल्यावर म्हणाल्या आता तू मला सांग, उद्या नातवाला सांगायचं तर कसं सांगशील. यायने सांगितलं की ही गोळी वाईट नाही, रिकाम्या पोटी घेतली तर वाईट. चुकीचं. बाई न चिडता परत पहिल्यापासून. तीनदा झालं. तिसऱ्यांदा यायने बरोबर सांगितलं आणि वर म्हणाली, मग लावणी कोण करणार, तू? बाई म्हणाल्या, गुरुवारी सुट्टी आहे, मी आणि माझी बहीण येतो.

आमच्या ट्रेनिंगमध्ये "समुपदेशन" नावाचं पूर्ण सेशन असतं, स्लाइड्स, प्रमाणपत्र, सगळं. गुरुवारी लावणीला जाणं त्यात कुठेच नाहीये. अर्थात १५ घरं असतील तरच हे परवडतं, हे आशाताईंनी लगेच निदर्शनास आणून दिलं.

दुपारी जेवायला पंगत. बांबूच्या डब्यात चिकट भात, हाताने गोळा करून खायचा, उखळात कुटलेलं कच्च्या पपईचं सोम ताम, भाजलेली कोंबडी, बांबूच्या कोंबांचं कालवण. आणि सगळ्यात प्ला रा. प्ला रा म्हणजे मासे मीठ आणि भाताच्या कोंड्यात घालून महिनोन्महिने मुरवलेले, वास असा की आधी खोलीत तो येतो मग बरणी येते. चव मात्र जिभेवर बसते, खोटं कशाला बोलू.

जेवण सुरू व्हायच्या आधी ओ-सो-मोंनी पिशवीतून पेनसारखं यंत्र काढलं आणि कालवणात बुडवलं. मिठाचं मीटर! आकडा आला १.३ टक्के. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी तोंड वाकडं केलं, सगळ्या हसल्या. मग तिने पातेल्यात पाणी आणि अजून कोंब घातले, परत बुडवलं, आकडा उतरला, परत चव घेतली, आणि मत पडलं की "आता बेचव आहे पण चालेल". थायलंडमध्ये माणूस दिवसाला सरासरी ३,६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम खातो, डब्ल्यूएचओ म्हणते २,००० च्या आत ठेवा. हे वाक्य मी आत्ता लिहिलं आणि तुम्ही विसरलात. पण आपल्याच पातेल्यात काठी बुडवून आकडा आलेला कुणी विसरत नाही. फिश सॉस, प्ला रा, अजिनोमोटो, मसाल्याची रेडीमेड पावडर, असं चार दारांनी मीठ आत येतं आणि बाई म्हणते मी तर मीठ घालतच नाही. तेही खरंच.

बुधवार

आजचा दिवस मोठा. खोन केनच्या दक्षिणेला बान फायच्या बाजूला लावा नावाचा तलाव आहे, तिथे गेलो. पावसाने पाणी चढलेलं, मधे मधे कमळं, काठावर जाळी वाळत घातलेली. मासे हेच इथलं धन आणि माशातच इथलं दुखणं.

दुखणं असं. यकृतातला एक चपटा जंत आहे, ओपिस्थोर्किस विव्हेरिनी, जेमतेम सेंटिमीटरभर. माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात जातात, एका छोट्या गोगलगायीत वाढतात, तिथून पांढऱ्या खवल्यांच्या माशांत शिरतात, आणि मासा कच्चा खाल्ला की परत माणसाच्या पित्तनलिकेत. मांजरंकुत्रीपण यात भागीदार. तिथे तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, आणि वीस तीस वर्षांनी काहींना पित्तनलिकेचा कॅन्सर होतो. १९९४ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने या जंताला कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्या पंक्तीला. खोन केन आणि आसपास या कॅन्सरचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त नोंदलं गेलंय.

आणि हा कच्चा मासा खातात कसा, तर कोय प्ला. ताजा छोटा मासा बारीक चिरायचा, लिंबू, तिखट, भाजलेल्या तांदळाची भरड, कांद्याची पात, पुदिना, मिळाल्या तर लाल मुंग्या, आणि कोशिंबीर कालवावी तसं सगळं हाताने कालवायचं. दहा मिनिटांत तयार, शेताच्या बांधावर, चूल नको. लोकांचं म्हणणं लिंबाने मासा शिजतो, रंग पांढरा होतो ना. आणि सोबत भाताची पांढरी दारू घेतली की उरलेसुरले जंत मेले. दोन्ही खोटं. लिंबूही मारत नाही, दारूही मारत नाही, नीट शिजवलं की मरतात.

खोन केन विद्यापीठाच्या डॉ. बन्चोब श्रीपा यांनी या तलावाभोवती काम उभं केलं ते बघायला आम्ही आलो होतो. सगळीकडून एकदम पकडायचं असं त्यांचं आहे. माणसांना प्राझिक्वांटेल या जंतावरच्या औषधाची गोळी, मांजरंकुत्र्यांनापण, तलावात गोगलगाय आणि मासे तपासायचे, शाळेत पोरांना शिकवायचं, आणि घरोघरी ओ-सो-मो. एके काळी इथल्या निम्म्याहून जास्त माणसांत जंत सापडायचे, ते १० टक्क्यांच्या खाली आलं. साधी गोष्ट नाहीये ही.

शाळेत एका सहावीतल्या मुलीने फळ्यावर जंताचं पूर्ण चक्र काढून दाखवलं, गोगलगायीला डोळे वगैरे काढून. विचारलं घरी कोण कच्चं खातं, तर अर्ध्या वर्गाने हात वर करून "पो" म्हणजे बाबा.

मग एका बाबालाच भेटलो. पन्नाशीचा माणूस, जाळं दुरुस्त करत बसलेला. त्यानेही पूर्ण चक्र सांगितलं, गोगलगाय, मासा, यकृत, कॅन्सर, एक पायरी सुटली नाही, परीक्षेला बसला असता तर पैकीच्या पैकी मार्क. चुलता याच कॅन्सरने गेला हेही सांगितलं. मग आता खात नाही ना? तर हसला आणि म्हणाला, घरी नाही खात. कापणी झाली की शेतावर सगळे बसतात, ताट मधे येतं, तेव्हा हात मागे घेतला तर म्हणतात हा मोठा झाला आता. आणि कच्चं गोड लागतं, शिजवलं की मजा जाते. आणि गोळी आहेच की, दवाखान्यात फुकट मिळते.

इथे मी जरा वेळ थांबले. इतकी वर्षं आपण ट्रेनिंगमध्ये "माहितीचा अभाव" हा शब्द घासून घासून वापरतो. या माणसाला कशाचा अभाव होता? माहिती शंभर टक्के. गोळीचीपण माहिती, तीच नेमकी उलटी बसली, खा आणि गोळी घे, पुढच्या वर्षी परत खा आणि परत गोळी. आज खाल्लं नि उद्या पोट धरून लोळायला लागलं असतं तर कोय प्ला कधीच बंद झालं असतं, पण इथे तीस वर्षं काहीच होत नाही, दुखत नाही, खुपत नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे ओ-सो-मो जास्त करून बायका, आणि ताट मधे ठेवून बसणारे पुरुष. त्या गोलात बाई जातच नाही. मी हे नर्सला म्हटलं तर ती म्हणाली म्हणून तर आता आम्ही पुरुष ओ-सो-मो शोधतोय, जो खायचा आणि आता खात नाही असा. एक आहे त्यांच्याकडे, तो शेतावरच्या बैठकीला स्वतःचा तवा घेऊन जातो. तेच कोय, तोच मसाला, फक्त मासा आधी तव्यावर. सुरुवातीला खूप चेष्टा झाली म्हणे. आता काहीजण त्याच्या तव्यातलं खातात, काही नाही खात.

अजून एक बारीकशी पण कामाची गोष्ट. आधी जंत तपासायला शौचाचा नमुना लागायचा, लोक डबी घ्यायचे आणि परत द्यायचेच नाहीत, लाज वाटायची. आता विद्यापीठाने लघवीवरची टेस्ट काढलीय. डबी परत यायला लागली. नुसतं तेवढ्याने!

खोन केनच्याच डॉ. नारोंग खुन्तिकेओ यांचं नाव इथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. यकृताचे सर्जन, आई-वडील दोघंही याच कॅन्सरने गेले, आणि मग २०१३ पासून गावोगाव अल्ट्रासाउंड घेऊन फिरायचा कार्यक्रम त्यांनी चालवला. कॅन्सर लवकर सापडला तर ऑपरेशनने माणूस वाचू शकतो, उशिरा सापडला तर फारसं काही हातात राहत नाही.

रात्री मुक्कामाच्या घरी मासे होते. तळलेले. तरीपण आशाताईंनी एक तुकडा उलटून उजेडात बघितला.

गुरुवार, आषाढ पौर्णिमा

आज थायलंडमध्ये आसाळ्हा बूचा, बुद्धांच्या पहिल्या प्रवचनाचा दिवस, आपल्याकडे गुरुपौर्णिमा. सुट्टी. ओ-सो-मो बाई सांगितल्याप्रमाणे खरंच यायच्या शेतात बहिणीसोबत होत्या, तिथूनच चिखलाच्या पायाने देवळात आल्या.

देवळात भिक्खूंना दान द्यायला रांग. केशरी बादल्या मिळतात रेडीमेड, आत नूडल्स, बिस्किटं, डब्यातलं गोड कॉफी मिक्स, फळांचा रस. नर्स वैतागून सांगत होती की हे बघ, भिक्खूंना डायबेटिस, बीपी असतं ते यामुळे. भिक्खूला मिळेल ते खावं लागतं, निवड करता येत नाही, दुपारनंतर जेवण बंद म्हणून गोड पेयं चालतात, आणि पळत फिरून व्यायाम करणं शोभत नाही. २०१७ मध्ये भिक्खूंच्या आरोग्यासाठी देशपातळीवर एक सनदच केली. पण दान देणारी आजी म्हणते माझ्या नवऱ्याला गोड आवडायचं, तो गेला, त्याच्या नावाने मी गोडच देणार. आता हिला काय सांगणार? इथल्या ओ-सो-मोंनी मधला मार्ग काढलाय, गोड द्या पण एक पदार्थ, बाकी उकडलेल्या भाज्या आणि मासे. आणि थोरल्या भिक्खूनेच माईकवरून सांगितलं की बादलीत पाणी आणि टूथपेस्ट घाला, आम्हाला कॉफी खूप झाली. सगळं देऊळ हसलं.

शुक्रवार, खाओ फान्सा

आजपासून भिक्खूंचा वर्षावास, तीन महिने. आशाताईंना यातलं काही सांगावं लागलं नाही, त्यांच्या विहारातही कालपासून सुरू झालेला. आणि मग ती गोष्ट झाली. सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हणायला सुरुवात केली, पालीत, उच्चार जरा वेगळे पण शब्द तेच, आणि आशाताई खड्या आवाजात सोबत म्हणायला लागल्या. पाचवं शील आलं, सुरामेरयमज्ज पमादट्ठाना वेरमणी, मादक पदार्थांपासून दूर राहीन. बाजूच्या दोन आज्यांनी वळून बघितलं, मग एकीने सरकून जागा दिली. दुभाषीला आजचं काम नव्हतं.

त्याच शीलाचा इथे आरोग्यासाठी वापर केलाय. २००३ पासून "फान्साभर दारू बंद" अशी मोहीम चालते. तीन महिने सोडायची, देवळात भिक्खूसमोर नाव लिहून. मागे थायहेल्थ ही संस्था, २००१ च्या कायद्याने झालेली, आणि तिचा पैसा येतो दारू-तंबाखूवरच्या कराच्या वर २ टक्के जादा आकारून. म्हणजे पिणाराच स्वतःच्या सुटकेचा खर्च भरतो! तीन महिने का, तर कायमची सोड म्हटलं की माणूस पळतो, तीन महिने म्हटलं की म्हणतो बघू. आपल्याकडेपण चातुर्मासात कितीतरी जण सोडतातच की. फरक एवढाच की आपल्याकडे ते ज्याचं त्याचं, इथे गावात यादी लागते आणि ओ-सो-मो दर आठवड्याला विचारायला येतात, कसं चाललंय, झोप लागते का, हात थरथरतात का. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे अशांना आधी दवाखान्यात नेतात. हे मला महत्त्वाचं वाटलं.

आशाताईंचं म्हणणं वेगळं. आपल्याकडे बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकानं बंद पाडली, ते जास्त भारी. मी म्हटलं दुकान बंद झालं की बाटली मागच्या दाराने येते, चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला लावली आणि २०२१ ला उठवली. त्यावर आमचं अर्धा तास भांडण, नर्सला वाटलं काहीतरी वाईट घडलंय.

शनिवार

शेवटचा मुक्काम फोन नावाचा तालुका, रेल्वे इथूनच पकडायची होती. आणखी एक कारण होतं. डॉ. क्रासाए चानावोंगसे यांनी इथे, त्या काळी कुणी डॉक्टर यायला तयार नसायचा तेव्हा दवाखाना चालवला आणि १९७३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केलं, निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या बनवलं, त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे. त्या दशकात दोन्हीकडच्या खेड्यांत एकच प्रश्न होता आणि उत्तरही जवळपास सारखंच सापडलं. पण थायलंडने ते पूर्ण देशभर नेलं, वर २००१-०२ मध्ये ३० बाटची योजना (दर वेळी दवाखान्यात फक्त ३० बाट) आणली ज्यात गरिबाला हॉस्पिटलचं बिल येत नाही. त्यामागे डॉ. सांगुआन नित्यारम्फोंग. आपण जामखेड बघायला बस भरभरून जातो आणि फोटो काढून येतो. असो.

सगळं गोडगोड आहे असं नाही. २०२२ मध्ये तीन हजारांहून जास्त रो-पो-सो-तो आरोग्य खात्याकडून प्रांतांच्या स्थानिक प्रशासनाकडे गेले, त्यावरून नर्सेसमध्ये दोन तट आहेत. ओ-सो-मोंना रिपोर्टिंगचं अॅप दिलंय, साठीच्या बायका नातवाकडून भरून घेतात. लाईन या मेसेजिंग अॅपच्या ग्रुपवर अमक्या पाल्याने शुगर बरी होते असले मेसेज त्यांच्याकडेही पहाटेपासून. आणि तरुण मुली या कामाला येत नाहीत, पाचातल्या चार स्वयंसेवक मला पन्नाशीच्या पुढच्या दिसल्या.

स्टेशनवर सोडायला चौघीजणी आल्या. आशाताईंनी त्यांना हिरव्या बांगड्या दिल्या, त्यांनी आशाताईंना मिठाचं मीटर दिलं. रेल्वे तासभर लेट होती, तेवढ्यात त्यांनी आशाताईंकडून मराठवाड्याच्या खाण्याची यादी काढून घेतली, लोणचं, पापड, ठेचा, खारे शेंगदाणे, भज्यांसोबतची तळून मीठ लावलेली मिरची, आणि दर नावाला "ओहो" असा आवाज. एकीने विचारलं, मग पहिलं मीटर कुणाच्या घरी बुडवणार?

आशाताई म्हणाल्या सासूच्या आमटीत बुडवलं तर मला घराबाहेर काढतील, पहिलं सरपंचाच्या घरी. मी म्हटलं आधी अंगणवाडीच्या खिचडीत. हे अजून ठरलेलं नाहीये, परवा मीटिंग आहे त्यात बघू, शिवाय त्या मीटरला कुठली बॅटरी लागते तेही जालन्यात विचारायचंय.